मागच्या बाकावरच्या मोठ्या बाई

गणिताच्या बाई होत्या तेव्हा त्या दिवसभर फळ्यापाशी उभ्या असायच्या, तरी पाय कधी दुखले नाहीत. मुख्याध्यापिका होऊन 'मोठ्या बाई' झाल्या, आणि बसूनबसूनही माणूस किती थकतो ते कळलं. पाण्याची मोटर, गळकं छप्पर, पालकांची भांडणं, वरून येणारे फोन. एक ना धड, भाराभर चिंध्या.

त्यात भर म्हणून प्रशिक्षण आलं. तिथल्या तरुण साहेबांनी सांगितलं, "नुसतं ऑफिस सांभाळण्याचे दिवस गेले. वर्गात जाऊन बसा, शिकवणं बघा, शिक्षकांना वाट दाखवा."

"आणि मोटर कोण बघणार?" मोठ्या बाईंनी विचारलं. सगळे हसले, साहेबही हसले, आणि पुढचा मुद्दा सुरू झाला.

पहिला वर्ग आला तो नेमका भूगोलाच्या बाईंचा. दोघी एकाच वर्षी शाळेत लागलेल्या. एकीचं बाळंतपण, दुसरीच्या सासूचं आजारपण, सगळं स्टाफरूमच्या कोपऱ्यात एकाच डब्यावर बोलून हलकं केलेलं. बढती झाली तसा तो डबा सुटला. मोठ्या बाई केबिनमध्ये फोन कानाला लावून जेवू लागल्या आणि मैत्रीण एकांतातही 'मॅडम' म्हणू लागली.

मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. भूगोलाच्या बाईंनी पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून नद्या वाचून दाखवल्या. शेजारची मुलगी चक्क उघड्या डोळ्यांनी झोपली होती. मोठ्या बाईंनी खरं तेच लिहिलं, शिपायाच्या हाती शेरा पाठवून दिला आणि दिवसभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाई केबिनमध्ये आल्या.

"बसा ना."

"उभीच बरी आहे. मॅडम, तुम्ही शेवटचा तास कधी घेतला होता?"

मोठ्या बाईंना आठवेना. आठवत नाही याचाच राग आला. "उद्या सातवीचं गणित मी घेते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागे बसा."

अपूर्णांकांचा भागाकार. हा तर त्यांच्या हातचा मळ. पण मध्येच पर्समधला फोन थरथरू लागला, मन मोटरकडे गेलं, आणि हात आपोआप फळा भरत राहिला. "कळलं?" त्यांनी विचारलं. "हो," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. एका मुलीने तेवढा हात वर केला. "बाई, पण वरचा आकडा खाली का जातो?"

"नियमच आहे तसा," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि आपलेच शब्द ऐकून त्यांनी खडू खाली ठेवला. एके काळी याच प्रश्नासाठी त्या रात्री बसून कागदाच्या पट्ट्या कापायच्या.

मुलं गेल्यावर दोघीच उरल्या.

"फळ्याशी बोलत होतीस," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "मुलांकडे नुसती पाठ."

"आणि तुझ्या नद्या?"

"रटाळ होत्या, मला काय कळत नाही? पण तोंडावर सांगायचंस ना गं. शिपायाच्या हाती कसला शेरा पाठवतेस?"

मोठ्या बाई खाली मान घालून हातावरचा खडू झटकत राहिल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "दमायला होतं गं. धड बोलायलासुद्धा जीव राहत नाही."

त्यानंतर शेरे बंद झाले असं नाही. वरून मागत होतेच. पण आठवड्याचा एक तास मोठ्या बाई स्वतः घेऊ लागल्या आणि ज्याला सवड असेल तो शिक्षक मागे बसू लागला. विज्ञानाच्या सरांनी मोटरचं काम आपणहून मागून घेतलं. तरी दर दोन आठवड्यांत एकदा बाईंचा तास कुठल्यातरी फोनपायी बुडायचाच. डब्याचं जुनं सूतही पुन्हा जुळलं नाही. दोघींच्या जेवायच्या वेळाच आता वेगळ्या होत्या.

एकदा मात्र भूगोलाच्या बाईंनी अख्खा वर्ग मैदानाच्या उतारावर नेला, बादल्या ओतून नदी वाहवली, आणि पोरं चिखलाने माखून घरी गेली. दुपारभर पालकांचे फोन. कपडे कोण धुणार, हा काय शिकवायचा प्रकार, कुणी परवानगी दिली?

वर्ग मैदानात न्यायच्या आधी मोठ्या बाईंना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि प्रत्येकाला तेच सांगितलं, "मीच दिली. बोला, आणखी काय?"