साक्री ते बोदवड, तीन हंडे मासे

शेतात मासे सोडायचे म्हटल्यावर नाना, म्हणजे माझे सासरे, तीन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. गळ्यात माळ, घरात कधी अंडंही आलेलं नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. घरासाठी मुरूम काढून काढून बोदवडजवळच्या आमच्या वावरात चांगलं मोठं तळं झालं होतं आणि मी दोन वर्षं हट्ट धरून बसले होते. शेवटी नाना तयार झाले, पण अट घालून. "आपल्या हातून वाटेत जीव मेले, तं मी तळं बुजवून टाकीन." वर पहारा ठेवायला स्वतःच सोबत निघाले!

श्रावणात एका सकाळी शेजारच्या वामनभाऊंची जीप काढली. गाडी त्यांची, डिझेल आमचं. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, साक्री. पावसाने रस्त्याची चाळण झालेली, अख्खा दिवस गेला. धुळ्याला शेवभाजी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं. नानांनी मात्र फडक्यात बांधून आणलेली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरीच खाल्ली. मुक्काम साक्रीला, वामनभाऊंच्या बहिणीकडे. निघताना तिनेही नानांना भाकरी बांधून दिली.

सकाळी मत्स्यबीज केंद्रावर गेलो तर पहिला धक्का. मला वाटलं होतं, चांगले हातभर मासे मिळतील. समोर बोटाएवढी पिल्लं! तिथल्या साहेबांनी तीन जाती सुचवल्या. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगल तळाचं. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही, हे नानांना इतकं पटलं की त्यांनीच "हेच द्या" म्हटलं. हंड्यांत पिल्लं भरणारा म्हातारा सहज म्हणाला, "नाना, या बठ्ठा कालपाईन उपाशी शेतस." सगळी पिल्लं कालपासून उपाशी! नानांचा चेहराच उतरला. पोट भरलेलं असलं की वाटेत पाणी घाण होतं आणि पिल्लं गुदमरतात, म्हणून घरी पोचेपर्यंत काही घालू नका, असं त्याने पुढे समजावलं. नानांनी ते ऐकलंच नसावं.

परतीला नाना मागे हंड्यांजवळ बसले, पाण्याला हवा लागावी म्हणून हाताने ते हलवत. पारोळ्याला मी आणि वामनभाऊ चहाला उतरलो, ते उतरले नाहीत. एरंडोल सोडलं आणि कसलासा वास आला. मागे वळून बघितलं. दोन हंड्यांवर फेस, आणि पिल्लं तोंडं वर काढून तडफडतायत. एका विहिरीवर गाडी थांबवून पाणी बदललं, पण काही उपयोग झाला नाही. घरी पोचेपर्यंत दोन्ही हंडे मेलेल्या पिल्लांनी पांढरे झाले होते. तिसऱ्यातली पिल्लं मात्र ठणठणीत. असं कसं? मग त्या दोन हंड्यांच्या तळाशी मला भाकरीचा चुरा दिसला.

"उपाशी लेकरांपुढे मले घास गिळवना," नाना म्हणाले. "मंग त्यायलेच दिली. तिसऱ्या हंड्यापर्यंत भाकर पुरली नाही."

गप्प बसले असते तर मासे वाटेत मरतातच असं धरून नानांनी तळं बुजवलं असतं. म्हणून तोंडावर सांगितलं, नाना, त्या भाकरीनेच मेले ते. सांगताना मलाच रडू आलं. नाना फावडं उचलून तळ्याकडे चालू लागले. तळं बुजवायलाच निघाले, असं वाटून मी मागे धावले. पण त्यांनी काठावरच्या लिंबाखाली खड्डा खणला आणि मेलेली पिल्लं त्यात पुरली. उरलेली आम्ही तळ्यात सोडली, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "वामनले विचार, पुन्हा कधी येतो साक्रीले."

आजही कोणी मासे आणायला निघालं की मी एवढंच सांगते. हंडे सावलीत ठेवा, पाणी हलवत राहा आणि जेवणाचा डबा पुढे ड्रायव्हरजवळ द्या.

आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नानांनी भाकरी घेतलीच नाही. परतीला पाण्याचा घोटही घेतला नाही, घरी पोचल्यावर ताटावर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यात स्वतःच्या हाताने पेंड टाकली आणि मग सासूबाईंना म्हणाले, "आता वाढ."