पटकीची नोंद नाही

संसदेतल्या प्रश्नाचा कागद आमच्या तहसील कचेरीत यायचा तेव्हा त्याला लाल चिठ्ठी लावलेली असे. दिल्लीहून मुंबई, मग नागपूर, मग यवतमाळ असे मुक्काम करत तो यायचा आणि आमच्या हातात उत्तरासाठी जेमतेम एक दिवस उरायचा. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा कारकून. अक्षर चांगलं आणि वाक्यरचना सरकारी, म्हणून असे कागद माझ्याच टेबलावर येत.

त्या दिवशीचा प्रश्न आमच्याच भागाच्या खासदारांचा होता. ते पूर्वी शाळेत शिकवायचे. निवडून आल्यावरही लोक त्यांना मास्तरच म्हणत. दम्याचा विकार, आवाज बारीक. सभा गाजवणं त्यांना कधी जमलं नाही. पण दिल्लीत ते नेमाने प्रश्न विचारत. कापसाच्या जिनिंगमध्ये बोटं गमावलेल्या बायका, कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, फक्त कागदावर चालणारी शाळा, असले विषय. या वेळी त्यांनी विचारलं होतं: अमुक तांड्यात गेल्या महिन्यात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, सात माणसं दगावली हे खरं आहे काय, आणि तिथे पिण्याच्या पाण्याची काय सोय आहे?

तहसीलदारसाहेब म्हणाले, "सायकल घ्या आणि पाहून या. उद्या दुपारच्या डाकेत उत्तर गेलं पाहिजे."

तांडा नऊ मैलांवर होता. तिथल्या बंजाऱ्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहायचे; आता ही माणसं बरड जमिनीत ज्वारी-कापूस पिकवत होती. तांड्याचा नाईक मला नाल्यावर घेऊन गेला. वाळूत खड्डा खणून झिरा काढला होता. एक बाई वाटीने गढूळ पाणी उपसून घागरीत ओतत होती, आणि चार पावलांवर गुरं उभी होती.

"गावात विहीर आहे ना?" मी विचारलं.

"गावची विहीर गावाची हाय, साहेब. चैत लागला का आमाले भरू देत नाई."

घागर भरणारी बाई उठून उभी राहिली. तिच्या घरातली तीन माणसं गेली होती. ती रडली नाही. भाकरी कशी करायची हे सांगावं तशी सांगत गेली. "आधी पोरगी गेली. मंग लहाना. मंग त्यायचा बाप. तांदूळ धुतल्यावानी पानी जाये. सकाळी ओकला, दिवस बुडता डोये आत गेले." मग माझ्या वहीकडे बोट करून म्हणाली, "तुमी लिवून राह्यले ना? तिघायचंही लिवा. पाटलानं एकाचंच लिवलं."

मी तिघांची नावं लिहिली. इतर चौघांचीही लिहिली. त्याच संध्याकाळी घरी बसून कच्चा मसुदा केला. जे पाहिलं, ऐकलं, ते सगळं त्यात होतं.

सकाळी साहेबांनी तो वाचला. ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पोलीस पाटलाच्या वहीत काय आहे?"

"चार मृत्यू. दोन तापाने, दोन पोटदुखीने."

"डॉक्टरांनी पटकी म्हटलंय?"

"डॉक्टर गेलेच नाहीत, साहेब."

"म्हणजे पटकी तुम्ही ठरवली. उद्या वरून विचारतील, पटकी होती तर चोवीस तासांत कळवलं का नाही? त्याचं उत्तर तुम्ही देणार की मी?"

मी कागद परत घेतला आणि नवा लिहिला. 'पटकीने मृत्यू झाल्याची नोंद नाही. परिसरात विहीर उपलब्ध आहे.' दोन्ही वाक्यांत शब्दशः खोटं काही नव्हतं. साहेब म्हणाले, "वा! बरोबर जमलं." खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. शाबासकी मिळाल्यासारखं. इतकी वर्षं झाली, पण तहसीलदारांचा मला राग येत नाही. त्या बरं वाटण्याची मात्र लाज वाटते.

मास्तर सभागृहातल्या चर्चेचे छापील खंड आमच्या गावच्या वाचनालयाला देत. ते कोणी उघडत नसे. पावसाळा संपता संपता तो खंड आला आणि मी कोपऱ्यात बसून पानं उलटली. मंत्र्यांच्या तोंडी माझं वाक्य इंग्रजीत होतं. मास्तर पुन्हा उठले होते: लोक नाल्याचं पाणी पितात हे सरकारला ठाऊक आहे काय? उत्तर आलं, परिसरात विहीर उपलब्ध आहे. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं: कोणी डॉक्टर त्या तांड्यात गेला होता काय? अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. अर्ध्या पानात सगळं आटोपलं होतं.

पुढच्या रविवारी मी तो पहिला कच्चा मसुदा खिशात घालून यवतमाळला मास्तरांच्या घरी गेलो. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. कचेरीतला आहे म्हटल्यावर तेच बोलू लागले. "तांड्यात गेलो होतो. सरकारचं उत्तर त्यांना समजावून सांगितलं. एक बाई म्हणाली, मंग माह्या घरची तिघं कायनं गेली? मी काय सांगू?"

"मास्तर, ते उत्तर मी लिहिलंय."

मी मसुदा पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला. मध्ये खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत कागद छातीशी धरून ठेवला.

"सभागृहाची दिशाभूल झाली, असं मी उठून म्हणू शकतो," ते म्हणाले. "पण पुरावा लागेल. याच्याखाली सही करून देतोस?"

माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, बायकोला सातवा महिना होता. मी म्हणालो, "दोन दिवस द्या."

"घे. आणि हा कागदही घेऊन जा. सहीशिवाय माझ्या उपयोगाचा नाही, तुझ्या मात्र गळ्याशी येईल."

मी परत गेलो नाही. त्यांनीही निरोप पाठवला नाही.

पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आरोग्य खात्याच्या अनुदान-मागण्यांवर चर्चा झाली. मास्तरांना थोडी मिनिटं मिळाली आणि ती सगळी त्यांनी या तांड्यावर खर्च केली. पुराव्याविना बोलत होते, म्हणून मध्येच कोणीतरी त्यांना अडवलं. घंटा झाली. छापील खंडात त्यांचं शेवटचं वाक्य अर्धवटच आहे. कारकुनाचा उल्लेख कुठेही नाही.

ते भाषण छापून येण्याआधीच पटकी पुन्हा आली. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, कचेरीवरच्या पताका अजून उतरवल्या नव्हत्या. तांड्याचा नाईक चालत आला आणि माझ्या टेबलासमोर खाली बसला.

"दोघं गेले, साहेब. पाच जन पडून हायेत."

"ती बाई? जिच्या घरची तिघं गेली?"

"थेच पयली गेली."

तहसीलदार दौऱ्यावर होते. मी त्यांची वाट पाहिली नाही. पोस्टात जाऊन यवतमाळच्या सिव्हिल सर्जनला तार केली. तारेत पटकी हा शब्द घातला आणि खाली स्वतःचं नाव. दुसऱ्या दिवशी जीप आली. झिऱ्यात लाल औषध पडलं, सगळ्यांना लस टोचली. पाचांपैकी तिघं वाचले.

"तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?" साहेबांनी विचारलं. महिन्याच्या आत माझी राळेगावला बदली झाली. शिक्षा म्हणून ती फारच हलकी होती.

राळेगावला असताना वडील वारले. त्यांचे दिवस झाल्यावर मी पेटीतून तो मसुदा काढला, खाली सही केली आणि मास्तरांना पाठवून दिला. आठवड्याने त्यांचं कार्ड आलं. 'कागद पोचला. आता निवडणूक तोंडावर आली आहे, हे सभागृह विसर्जित होईल. पुन्हा गेलो तर विचारीन.'

निवडणुकीत मास्तर पडले. तांड्यात विहीर झाली ती आणखी तीन उन्हाळ्यांनी, दुसऱ्याच माणसाच्या काळात. त्या दोन वाक्यांवर मात्र सभागृहात पुन्हा कोणी काही विचारलं नाही.