पोर्टलला दोन माणसं हवीत

बँकेत तिला सगळे आक्का म्हणत. साहेबही म्हणत, ते वयाने तिच्याहून चौदा वर्षांनी लहान होते, मोठी होती ती त्यांची खुर्ची. बँक एकाच शाखेची, माणसं अकरा. त्यातली दहा येत-जात राहिली, आक्का मात्र एकतीस वर्षं त्याच टेबलाला चिकटून. दर महिन्याला बँकेचा अहवाल वरच्या ऑफिसात जायचा. वरचं ऑफिस म्हणजे सगळ्या बँकांवर नजर ठेवणारं नियामक कार्यालय. अहवाल आक्का तयार करायची, स्वतः घेऊन जायची आणि तिथल्या खिडकीवर पोचेचा शिक्का उमटेपर्यंत जागची हलायची नाही. एकतीस वर्षांत एकही अहवाल उशिरा गेला नव्हता. याचा तिला गर्व होता का? होता की. का नसावा? बाळंतपणाच्या रजेत असताना बाईने अहवाल घरी मागवून तपासला होता, मुलगी मांडीवर आणि कागद गुडघ्यावर.

या बँकेची एक जुनी रीत होती. जे काही विसरण्यासारखं असेल ते आक्काला सांगून ठेवायचं. कपाटांच्या जास्तीच्या किल्ल्या तिच्याकडे, संगणकांचे पासवर्ड तिच्या वहीत, कोणाच्या बायकोचा वाढदिवस कधी हेसुद्धा तिलाच पाठ. कोणी रजेवर गेलं, कोणी आजारी पडलं, तरी काम अडायचं नाही. आक्का त्याचा संगणक उघडून काम उरकून टाकायची. याला कोणी कधी नावं ठेवली नाहीत, कारण आक्काने कोणाच्या विश्वासाला तडा जाऊ दिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर सगळे आळशी होते. दुसरं कोणी लक्षात ठेवतंय म्हटल्यावर स्वतःचं डोकं कोण शिणवतो?

मग पोर्टल आलं. यापुढे अहवाल कागदावर नाही, इंटरनेटवरून भरायचा, आणि त्यासाठी प्रत्येक बँकेने आधी आपली नोंदणी करायची. नोंदणीला दोन माणसं हवीत: एकाने भरायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं. दोघांची लॉगिन वेगळी, पासवर्ड वेगळे, आणि शेवटी प्रत्येकाने एका चौकटीत खूण करायची: ‘हे लॉगिन मी स्वतः उघडलं आहे.’ भरणारी आक्का, तपासणारे साहेब, हे ठरलेलंच होतं.

मंगळवारी सकाळी आक्का नोंदणीला बसली तेव्हा साहेब दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले होते. आक्काने आपलं लॉगिन उघडलं. पुढचं पान आलं: दुसऱ्या व्यक्तीची माहिती भरा. साहेबांची सगळी माहिती तिला तोंडपाठ. ओटीपी जाणार तो बँकेच्या मोबाइलवर, कारण जेवताना फोन नकोत म्हणून साहेबांनी स्वतःचा नंबर कुठेच दिलेला नव्हता, आणि बँकेचा मोबाइल आक्काच्या ड्रॉवरमध्ये. पाच मिनिटांत साहेबांचंही लॉगिन तयार झालं. चौकटीतली खूणही तिनेच केली. दुपारी साहेब सुजलेला गाल घेऊन आले तेव्हा तिने त्यांच्यासमोर चिठ्ठी ठेवली: तुमचा नवा पासवर्ड. साहेबांनी मान हलवून ती खिशात टाकली. दोघांनाही यात काही वावगं दिसलं नाही, हीच तर गंमत.

शुक्रवारी साडेबाराला वरच्या ऑफिसातून मेल आला. आक्काने तो वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. दोन्ही लॉगिन एकाच संगणकावरून, पाच मिनिटांच्या आत उघडलेली दिसतात, सबब नोंदणी थांबवली आहे. दुपारी दोन वाजता अधिकारी व्हिडिओवर दोघांशी वेगवेगळं बोलतील. खुलासा पटला नाही तर दोघांनाही पोर्टलवरून काढलं जाईल आणि बँकेने संध्याकाळी पाचच्या आत दुसरी दोन माणसं नोंदवावीत. पाचनंतर नोंदणी न झालेल्या बँकांची यादी जाहीर होईल. अशा यादीत नाव आलं की ठेवीदार कारण विचारत बसत नाहीत, सरळ दारात रांग लावतात.

यादीची भीती साहेबांना होती. आक्काला भीती होती ती ‘काढलं जाईल’ या दोन शब्दांची. तिच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. आठ महिने म्हणजे आठ अहवाल, आणि त्यातल्या एकालाही तिला हात लावता येणार नव्हता.

ती साहेबांच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

“साहेब, तुम्ही मंगळवारी माझ्या शेजारी बसला होतात.”

“मी? मी तर डॉक्टरकडे—”

“डॉक्टरकडे तुम्ही नंतर गेलात. आधी माझ्या शेजारी बसलात, माझ्याच संगणकावरून तुमचं लॉगिन उघडलंत. तुमच्या खोलीतला संगणक बंद होता. एवढंच म्हणायचं.”

साहेब तिच्याकडे बघत राहिले. “आक्का, हे खोटं आहे.”

“खोटं कसलं? तुमची संमती होतीच ना? तुम्ही इथे असतात तर तुम्हीच केलं असतंत. मग?”

“मला असलं जमत नाही हो. माझा चेहरा लगेच सांगतो.”

“गाल सुजलाय अजून. चेहऱ्याचं काही कळायचं नाही,” आक्का म्हणाली आणि त्यांच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. चौथीच्या मुलाकडून पाढे घोकून घेतात तसं. तिसऱ्या वेळी ते बरं जमलं.

दीड वाजता तिने घरी फोन लावला. नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते आणि दर तीन तासांनी थेंब घालायचे होते.

“घातले थेंब?”

“घातले. तुझा आवाज का असा येतोय?”

“कसा?”

“मुलीचा निकाल लागायचा होता तेव्हा यायचा तसा.”

“काही नाही. डोळा चोळू नका,” म्हणून तिने फोन ठेवला. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने एकच प्रश्न विचारला असता, मग खरं का नाही सांगत, हे तिला ठाऊक होतं.

दोन वाजता साहेब व्हिडिओसाठी आपल्या खोलीत गेले. दार बंद. आक्का बाहेर उभी राहून कोणीतरी दिलेला चेक उगाच उलटसुलट करत होती. दहा मिनिटांनी साहेब बाहेर आले, कपाळ पुसत.

“म्हटलं,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही सांगितलं तसंच म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. जा आता.”

पडद्यावरची अधिकारी बाई चाळिशीची असेल. चष्मा कपाळावर, बाजूला फायलींचा ढीग, आवाज बसलेला. दिवसभर असल्याच बँका झोडपून ती कंटाळली होती हे दिसतच होतं.

“तुमचे साहेब म्हणाले की ते तुमच्या शेजारी बसले होते आणि त्यांचं लॉगिन त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलं. बरोबर? हो किंवा नाही एवढंच सांगा. मला अजून नऊ बँका बघायच्यात.”

हो म्हणायला अर्धा सेकंद लागला असता. ती बाईसुद्धा ‘हो’चीच वाट बघत होती, पेन टेकवून बसली होती. आक्काने तोंड उघडलं आणि तिला नको तेव्हा एक माणूस आठवला. सहा-सात वर्षांपूर्वी एका खातेदाराच्या अर्जावर त्याच्या बायकोने त्याची सही करून आणली होती. हुबेहूब सही. नवऱ्याचा पाय मोडलाय, प्लॅस्टर आहे, म्हणून मीच केली, असं बिचारीने आपणहून सांगून टाकलं. आक्काने अर्ज परत केला. ज्याची सही त्यानेच करायची, त्यांना घेऊन या. तिसऱ्या दिवशी तो माणूस दोघांच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत बँकेच्या सहा पायऱ्या चढला. घामाने निथळत होता. आक्काने त्याला पाणी दिलं, पेन दिलं, आणि नियम म्हणजे नियम, असं वर ऐकवलं.

“बाई? आवाज येतोय ना?”

“येतोय,” आक्का म्हणाली. “नाही.”

“काय नाही?”

“साहेब नव्हते. दोन्ही लॉगिन मी उघडली. खूणसुद्धा मीच केली.”

अधिकारी बाईने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “मग साहेबांनी मला जे सांगितलं ते?”

“ते मी पढवलं. ते नकोच म्हणत होते.”

“पढवलं तुम्ही, पण सांगितलं त्यांनी,” बाई म्हणाली. बराच वेळ नुसता टाइप केल्याचा आवाज आला. “तुम्हा दोघांना मी पोर्टलवरून काढतेय. वर्षभर कुठल्याच बँकेच्या अहवालाचं काम तुम्हाला करता येणार नाही. दुसरी दोन माणसं पाठवा. सव्वाचारला मी पुन्हा जोडली जाईन आणि नोंदणी माझ्या डोळ्यांदेखत होईल. खोलीत तिसरं कोणी नको. तिसरा आवाज जरी ऐकू आला तरी रद्द.”

आक्का बाहेर आली. साहेबांना सांगताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

साहेब कधी आवाज चढवणारे नव्हते, तेव्हाही चढवला नाही. त्याने जास्तच लागलं. “मला घोकायला लावलंत. मी नको म्हणत होतो. आणि मी बोलून बसल्यावर तुम्हाला खरं आठवलं? खरंच बोलायचं होतं तर दोन वाजायच्या आधी बोलायचं होतं, आक्का. आता तुम्ही सच्च्या आणि मी लबाड.”

साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि ते आक्कालाही कळत होतं. “माझं चुकलं,” ती म्हणाली. एवढंच म्हणता आलं.

कॅशियरबाई आणि कर्जाच्या टेबलावरचा क्लार्क, असे दोघे आत पाठवले. क्लार्कला सगळे मुनी म्हणत, कारण तो दिवसभरात चार वाक्यांच्या वर बोलत नसे. दार बंद झालं. आक्का आणि साहेब बाहेर ग्राहकांच्या बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

साडेचार झाले. पावणेपाच झाले. आतून कॅशियरबाईचा आवाज आला, “माझं झालं, याचा ओटीपीच येत नाहीये.” मग मुनीचा, “पुन्हा पाठवू?”

आक्का ताडकन उठली. त्या खोलीत मोबाइलला रेंज धड मिळत नाही, खिडकीशी उभं राहावं लागतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि तीनदा ‘पुन्हा पाठवा’ दाबलं की लॉगिन चोवीस तास बंद पडतं, हे पोर्टलच्या माहितीपत्रकात सतराव्या पानावर होतं. सतरावं पान या बँकेत तिच्याशिवाय कोण वाचणार?

“सांगा ना त्याला,” साहेब कुजबुजले.

“तिसरा आवाज,” आक्का म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती परत आली आणि बाकावर बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. आतून मुनी म्हणाला, “पुन्हा पाठवला.” हा दुसरा. आक्काने डोळे मिटले. तिच्यापायी रांग लागणार होती, तिच्यापायी साहेबांचं नाव खराब झालं होतं, आणि पाच पावलांवरच्या माणसाला ‘खिडकीशी जा’ हे दोन शब्द सांगायची सोय तिने स्वतःच घालवली होती.

आत खुर्ची सरकली. कोणीतरी चाललं. खिडकीची कडी वाजली. उकडत होतं म्हणून असेल, नाहीतर मुनीच्या डोक्यात आपोआप प्रकाश पडला असेल, काहीही असो. फोन वाजला. चार बावन्नला कॅशियरबाई दार उघडून बाहेर आली.

“झालं, आक्का. नोंदणी झाली.”

साहेबांनी भिंतीला डोकं टेकून मोठा श्वास सोडला. आक्का उठली. सवयीने तोंडातून निघून गेलं, “बरं झालं गं बाई. पासवर्ड काय ठेवलास?”

कॅशियरबाई जमिनीकडे बघू लागली. या बाईची दोन्ही मुलं आक्काच्या डोळ्यांसमोर मोठी झाली होती. घरात भांडण झालं की ती आधी आक्काकडे येऊन रडायची.

“आक्का, त्यांनी सांगितलंय. कोणालाच सांगायचं नाही. तुम्हाला तर नाहीच. तुमचं नाव घेऊन सांगितलं.”

“नाव घेऊन?”

“हो.”

तेवढ्यात मुनी बाहेर आला. त्याच्या हातात कागदाचा कपटा होता. आक्का समोर दिसताच त्याने तो चटकन मुठीत झाकला आणि हात पाठीमागे नेला. एकतीस वर्षांत या बँकेत तिच्यापासून कोणी काही झाकलं नव्हतं. मुनीचे कान लाल झाले.

“पासवर्ड लिहिलायस त्यावर?” आक्काने विचारलं.

त्याने मान हलवली.

“कागदावर लिहायचा नसतो. पाठ झालाय ना? मग फाडून टाक,” ती म्हणाली. “फाड, मी नाही बघत.”

आणि तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि कागद फाटल्याचा आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिली.