शेवंताची पाटी आणि माझा तळहात

बायको जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या वंदनेला, म्हणजे पुण्यानुमोदनाला, मी सकाळी नऊपासून साडेनऊपर्यंत घराच्या लोखंडी दाराला चिकटलेला होतो. डिंकानं.

माझं शिक्षण चौथी, धंदा गवंड्याचा. नांदेडात चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली, आणि सगळ्यात शेवटी आमच्या दोन खोल्या. दारावर माझं नाव रंगवून घेतलं, तेव्हा शेवंता कमरेवर हात ठेवून म्हणाली, "विटा मी वाहिल्या, भिंतीला पाणी मी मारलं, आन नाव एकट्या तुमचं? माझं कवा लागंल?"

"लावू की," मी म्हणालो. हे 'लावू की' मी बावीस वर्षं म्हणत राहिलो. मागल्या साली ती गेली, आणि मग मला घाई झाली! (गाढव माझ्याहून वेगळ्या जातीचं असतं काय?)

म्हणून ठरवलं, वर्षाला पाहुणे येतील तेव्हा दारावर तिचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे. स्टीलची पाटी करून आणली. 'शेवंताबाई', बास. करणारा म्हणाला, "चार भोकं पाडून देतो, स्क्रूनं बसवा."

"तिच्या नावाला भोक पाडायचं न्हाई."

त्यानं ड्रिल बाजूला ठेवलं. "मग चिकटवा," म्हणाला.

कोपऱ्यावरच्या इस्माईलभाईच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. त्यांनी एका थेंबात चिकटवणाऱ्या डिंकाच्या बारक्या नळ्या पुढं टाकल्या. "काका, डिंक कुठलाबी घ्या, पर आधी पाटी आन दार, दोन्ही साफ करा. एकदम चकाचक. मग पॉलिशपेपरनं घासून चमक घालवा."

"चमक आणायची का घालवायची?"

"आधी आणायची, मग घालवायची."

"मग आणायची कशाला?"

"तेल, धूळ जायला!"

"आन घालवायची कशाला?"

"अहो, डिंकाला पकडायला जागा नको का?"

मी 'हाव' म्हणून मान हलवली. कळलं काहीच नव्हतं. डिंक म्हणजे काय माकड हाय, त्याला पकडायला जागा लागते?

घरी येऊन पॉलिशपेपर काढला, तर शेजारच्या कमळाबाई भिंतीवरून ओरडल्या, "भाऊ! नव्या पाटीला कागद घासता? चरे पडतील की! शेवंताबाईच्या भांड्यावर कधी एक चरा बघितला का?"

नव्हता बघितला. शेवंता प्रत्येक भांडं राखेनं घासायची, कोरडं करायची आणि पितळेचं असो की लोखंडाचं, वरून फडक्यानं खोबरेल तेलाचं बोट फिरवायची. एकीकडं दुकानदार, दुसरीकडं बाई. मी बाईचं ऐकलं. घरात तीच सवय होती. पाटी राखेनं घासली आणि पुढून-मागून छान तेल पुसलं. अशी चमकली की त्यात माझं तोंड दिसलं! दार मात्र नुसतं कोरड्या फडक्यानं झटकलं.

आदल्या दिवशी दुपारी दोन थेंब लावून पाटी दाबली. दहा मोजले. हात काढला. खण्ण! पुन्हा चार थेंब लावले. पुन्हा खण्ण! कमळाबाई म्हणाल्या, "वरून एक नारळ फोडा." मी म्हणालो, "तुमी आत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरहून निघालेल्या पोरीचा, वंदनाचा, फोन आला. "बाबा, लोहा सोडलं, अर्ध्या तासात पोचतो. गाडीत सासूबाई हायत, मामा हाय, समदे हायत."

पाटी तशीच माझ्या मांडीवर. उरलेल्या तिन्ही नळ्या तिच्या पाठीवर पिळल्या, दारावर थापली आणि पंजा पसरून सगळ्या अंगाचा भार टाकला. शंभर मोजले. हात काढायला गेलो, तर हात येईना! डिंक चारी बाजूंनी बाहेर येऊन माझी पाची बोटं दाराला घट्ट बसली होती.

पंधरा-वीस मिनिटं ओढून बघितला, तेवढ्यात गाडी आली. सगळ्यात पुढं विहीणबाई. त्यांनी पाटी बघितली, माझा पंजा बघितला आणि तोंडाला पदर लावला. "बघ गं वंदना, नावावरनं हात काढवंना ह्यांना!"

झालं! तीन बाया रडायला लागल्या. मेहुणा जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दाजी, सोडा आता. चला आत."

"मी तेच करून राहिलो!"

"किती दिवस असं करणार?"

"अरे नऊ वाजल्यापासून करून राहिलो!"

त्यालाही हुंदका फुटला. खोटं कशाला बोलू, सगळे रडायला लागल्यावर मलाही रडू आलं. वर्षभर आलं नव्हतं, ते नेमकं तेव्हा! आणि डोळे पुसायला उजवा हात मोकळा नाही. शेवटी मी ओरडलो, "डिंक लागलाय, डिंक!"

वंदनेसाठी आधीच येऊन आतल्या खोलीत बसलेले भंतेजी दारात आले, माझी बोटं वाकून बघितली आणि मान फिरवून खोकले. तो खोकला नव्हता.

वंदनाच्या पर्समध्ये नखाचा रंग काढायचं औषध निघालं. एकेका बोटाखाली सोडून तिनं मला सोडवलं. बोटं सुटली, त्यांच्यासंगं दाराचा रंगही सुटला. आणि माझा हात बाजूला होताच पाटी काय झाली? खण्ण!

मेहुण्यानं इस्माईलभाईंना बोलावून आणलं. त्यांनी पाटीच्या पाठीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि कपाळावर हात मारला.

"खोबरेल! काका, तुमचा धंदा काय?"

"गवंडी. चाळीस वर्षं."

"गुळगुळीत स्लॅबला गिलावा धरतो का?"

"धरतो कसा? आधी छिन्नीनं टोचे मारून खरबरीत..."

इस्माईलभाई म्हणाले, "पाटीला तेल, दाराला गुळगुळीत रंग. इथं खरबरीत आन कोरडी चीज एकच होती. तुमचा हात!"

मग त्यांनी पाटीची पाठ घासली, दाराचा रंग खरवडला, नखाच्या औषधानं दोन्ही पुसलं आणि नव्या नळीचे चार थेंब लावले. वंदना पाटी धरून उभी राहिली. मला कुणी जवळ येऊ दिलं नाही. तिनं हात काढला. आवाज नाही. भंतेजींनी बुद्धवंदना सुरू केली, तेव्हा दारावर शेवंताचं नाव होतं आणि शेजारी माझ्या पाच बोटांचे रंग उडालेले डाग. ते मी अजून रंगवलेले नाहीत.

विहीणबाई मात्र चाकुरात माहेरी सांगत फिरतात म्हणे, की डिंकाचं निमित्त होतं, माणसाची मायाच तेवढी! मी खुलासा करत नाही. शेवंता असती तर एका वाक्यात निकाल लावला असता : "माया कसली! बावीस वर्षांत एकदा दार पुसायला घेतलं, तर त्यालाच चिकटून बसले!"