उच्चाराचे गुण

स्टाफरूममध्ये एकदा एक सहकारी बाई मला म्हणाल्या, "तुम्ही ख्रिश्चन, पण मराठी काय शुद्ध आहे हो तुमचं!" मला राग यायला हवा होता. मी चक्क खूश झाले. इंदिरानगरला घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलंसुद्धा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत होते.

माझ्या आजोबांनी धर्म बदलला तो चांदवडकडच्या एका खेड्यात, गावकुसाबाहेरच्या वस्तीत. भावकीतली बाकीची घरं पुढे बौद्ध झाली. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण घराबाहेर कुणी विषय काढत नसे. आई तिथल्याच दवाखान्यात आया होती. तिनं मला बोर्डिंगात ठेवलं. तिथे माझी भाषा घासूनपुसून निघाली, आणि ती भाषा हीच माझी ओळख असं मी धरून चालले.

नववीत एक मुलगी होती, बौद्ध घरातली. आई कारखान्यात पॅकिंगला जायची. मुलीचा आवाज असा, की ती धडा वाचायला उभी राहिली की मागचे बाकसुद्धा गप्प व्हायचे. फक्त ती 'ण'चा 'न' करायची. पानी, कोनी. मी दर वेळी थांबवायचे. "पुन्हा म्हण." वर्ग हसायचा. ते हसू मी कधी थांबवलं नाही.

आंतरशालेय वाचन स्पर्धेला एक नाव पाठवायचं होतं. मी आमच्या चर्चच्या पाळकांच्या मुलीचं दिलं. अगदी अळणी वाचायची ती, पण उच्चार स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डावललेल्या त्या मुलीची आई आली. मला व्हरांड्यातच गाठलं.

"बाई, पोरीचं काय चुकलं?"

"आवाज छान आहे हो तिचा. पण उच्चार... मुलं घरी जे ऐकतात तेच बोलतात ना."

"मी बी चांदवडकडचीच हाय, बाई. तुमच्या आईला चांगली वळखते. माझ्या थोरल्याच्या टायमाला दोन दिस माझ्यापाशी बसून व्हत्या त्या. त्या आमच्यावानीच बोलायच्या. त्यांचं काय चुकत व्हतं का?"

मी आधी मागे वळून पाहिलं. कुणी सहकारी हे ऐकत तर नाही ना? त्या बाईच्या प्रश्नाआधी मला ही काळजी! इतकी वर्षं झाली, त्या वळून बघण्याबद्दल मी स्वतःला माफ करू शकलेले नाही. "तासाची वेळ झाली," असं काहीतरी पुटपुटून मी निघून गेले.

त्या संध्याकाळी तोंडी परीक्षेची गुणयादी काढली. आमच्या चर्चमधल्या मुली सगळ्या वीसपैकी पंधराच्या वर. ती अकरा. मखमलाबादकडून भाजीवाल्यांच्या घरातून येणारी एक, बारा. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. दर रविवारी मी पापकबुलीची प्रार्थना पुस्तक न उघडता म्हणत होते, आणि एकदाही मला ही यादी आठवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांकडे गेले. "नाव बदलायचंय."

"यादी गेली. आणि पाळकांना मी काय सांगू?"

"चूक माझी झाली, असं सांगा."

"अहो, चूक कसली? स्पर्धेत उच्चाराला गुण असतातच." इतक्या प्रेमानं त्यांनी मला सोडवलं, की मला त्यांचा आणि माझा दोघींचा संताप आला.

रविवारी उपासना संपल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. आईनं चहा टाकला. मुलगी बाहेर येऊन उभी राहिली.

"माझ्याकडून तुझ्यावर अन्याय झाला," मी म्हणाले.

ती खाली बघून एकेक शब्द जपून बोलली. "माझ्या मणात काही नाही, बाई."

मनाचा मण! घरी सराव करून करून तिला आता सगळीकडे 'ण'च दिसत होता. हे मी तिच्या तोंडात घातलं होतं. आणि मेली माझी जीभ, ती चूक दुरुस्त करायला तेव्हाही उचललीच होती. मी कढत चहा तसाच घशाखाली घातला.

पुढच्या वर्षी स्पर्धेला मी तिचं नाव घातलं. "नको, बाई," म्हणाली. मी आग्रह केला, तोही हुकूम सोडल्यासारखा. तिनं ऐकलं नाही. वर्गात सांगितलं तरच वाचायची, तेही पहिल्या बाकापुरतं. दहावी होऊन गेली. पुढे तिचं काय झालं, मला कळलं नाही.

दोन हजारनंतर मी पेपर तपासताना नावावर कागदाची पट्टी लावायला लागले. लेखीला ते जमतं. तोंडी परीक्षेत आवाजावर काय लावणार? एका वर्षी सुरगाण्याकडची एक आदिवासी मुलगी समोर आली. तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या डोक्यात आकडा तयार. मी तो खोडला, तिला पुन्हा वाचायला लावलं. दुसरा आकडा बराच वर गेला. तो तिच्या वाचनाचा होता की माझ्या अपराधी मनाचा, तेही मला सांगता येईना. पन्नाशी आली, तरी हे!

शेजारी बसलेल्या तरुण शिक्षिकेला मी हे बोलून दाखवलं. ती हसली. "बाई, इतका विचार करायचा तर तोंडी परीक्षा घेऊच नये."

दाराबाहेर अजून तिघी उभ्या होत्या. मी पुढचीला आत बोलावलं.