मामाजींच्या भजनातलं कुईं

मी आयटीआयमध्ये अठरा वर्षांपासून वायरिंग शिकवतो, आणि आमच्या घरी एखादी वस्तू बिघडली की ती आधी माझ्यापासून लपवून ठेवतात. त्या रविवारी गाडी लपवायला जागा नव्हती, म्हणून पुढचं सगळं घडलं.

झालं असं, की माझे सासरे कवळी बसवायला ढाणकीहून आमच्याकडे महागावला आले होते. मामाजी म्हणजे तिथल्या भजनी मंडळाचे चाळीस वर्षांचे गाणारे. दात गेले आणि गाणं थांबलं. नवी कवळी बसली खरी, पण तान घेतली की तानेच्या आधी तीच बाहेर यायची. म्हणून माझ्या बायकोनं, संध्यानं, त्यांची बावीस वर्षांपूर्वीची कॅसेट शोधून पेन ड्राइव्हवर भरून आणली. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचं भजन होतं ते. (मी तेव्हा नवा जावई, त्यामुळे पहिल्या रांगेत, गादीवर!) मामाजींनी लगेच गावी फोन लावला. मंडळातले चौघे म्हातारे अजून आहेत. त्यांना सांगितलं, रविवारी अकराला पारावर बसा, मी माझं गाणं गाडीत घेऊन येतो. पुढचे दोन दिवस त्यांनी दुसरा विषय काढला नाही.

रविवारी सकाळी साडेसातला मी ऐटीत पेन ड्राइव्ह लावला. भजन सुरू झालं. गाडी चालू केली, आणि भजनाच्या मागून बारीक 'कुईंऽऽ' निघालं. अॅक्सिलेटर दाबला की कुईं चढायचं, सोडला की उतरायचं. डोळे मिटून ऐकणाऱ्या मामाजींनी एक डोळा उघडला.

"जावईबापू, हे माह्या मांगं कोन रडून राह्यलं?"

मी म्हटलं, पाच मिनिटं. (माझी पाच मिनिटं संध्याला माहीत आहेत. ती निवांत पोहे करायला आत गेली.)

आधी मी संध्याच्या मोबाइलच्या चार्जरवर आळ घेतला. चार्जर उपटला, कुईं तसंच. मग स्पीकरच्या वायरींवर संशय आला, म्हणून मागची सीट काढली. सीटखाली संध्याचं कानातलं सापडलं, ज्याच्यावरून मी दोन वर्षं बोलणी खाल्ली होती. पण कुईंचा पत्ता नाही. मग एरियल काढला. मग अख्खा स्टिरिओ डॅशबोर्डातून उपसला आणि वायरी बदलून पुन्हा जोडला. एवढ्या मेहनतीनंतर फरक इतकाच पडला, की आधी मागून येणारं कुईं आता चारही बाजूंनी येऊ लागलं. साडेनऊपर्यंत अर्धी गाडी अंगणात होती आणि मामाजी टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन, अंगणातल्या त्या सीटवर बसले होते.

शेवटी मी हात झटकले. म्हटलं, स्टिरिओच भंगार आहे, यवतमाळहून फिल्टर आणावा लागेल, भजनाचं पुढच्या रविवारी बघू. तेवढ्यात पारावरून फोन आला. मामाजी "निघालोच" म्हणाले. फोन ठेवला, माझ्याकडे न बघता टोपी काढली आणि पिशवीवर ठेवली. त्या टोपीनं मला जेवढी लाज आणली तेवढी आमच्या प्राचार्यांनाही कधी आणता आली नाही.

मग त्यांनीच विचारलं, हे कुईं कधीपासून आहे? मी म्हटलं, पहिल्यापासूनच असेल. आतून संध्याचा आवाज आला, "पहिल्यापासून कायचं? पोयापासून हाय."

आता पोळ्याचं सांगावं लागेल. आमची बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली. पण पोळ्याला दार सुनं ठेवायचं नाही, असा माझ्या आईचा हट्ट. दारात उभी होती ती गाडी. मग तिलाच धुतलं, हार घातला, ओवाळलं, बॉनेटपुढे पुरणपोळी ठेवली. राहता राहिली शिंगं. बैलांच्या शिंगांचा लाल ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता आणि गाडीला शिंगं नव्हती. तेव्हा मी उत्साहाच्या भरात दिसेल तो गंजका बोल्ट खोलला, रंगवला आणि पुन्हा आवळला. सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

संध्यानं ही रंगरंगोटी सांगितली तसे मामाजी उठले, टॉर्च घेऊन डॅशबोर्डाखाली वाकले. स्टिरिओची काळी वायर एका बोल्टला आवळलेली होती. अर्थिंगची! बोल्ट लाल, वायरीचं टोक लाल, खालचा पत्राही लाल. अर्थिंगची वायर घासून साफ केलेल्या धातूलाच लावायची, हे वाक्य मी दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांकडून दहा वेळा लिहून घेतो.

मामाजींनी टॉर्च विझवला. म्हणाले, "बैलाचे शिंगं रंगवतेत, जावईबापू. खुटा नाही रंगवत."

त्यांनी पिशवीतून अडकित्ता काढून दिला. मी पालथा पडून रंग खरवडला, वायर आवळली, गाडी चालू केली. कुईं गेलं. मामाजींनी टोपी घातली.

सीट जागेवर बसवून आम्ही तिघं निघालो. पारावर पोचायला पावणेबारा झाले, पण चौघंही बसून होते. मी गाडीची चारही दारं उघडली आणि आवाज मोठा केला. मामाजींचा तो जुना आवाज असा स्वच्छ निघाला, की एका म्हाताऱ्यानं मांडीवर ठेका धरला आणि दुसऱ्यानं डोळे पुसले. माझाही ऊर भरून आला. आणि दुसऱ्या कडव्याला मागून काहीतरी किंचाळलं. सुरात नाही, तालात नाही, सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढं.

ठेका थांबला. मी अडकित्ता घेऊन पुन्हा डॅशबोर्डाखाली शिरलो, बोल्ट हलवून पाहिला. बोल्ट पक्का होता.

"बाहेर या," संध्या शांतपणे म्हणाली. "तिथं काही नाही. पहिल्या रांगेत गानारे ते तुमीच हाय."

मी बाहेर आलो. म्हटलं, हल्ली कॉम्प्युटरवर असले नको ते आवाज काढून टाकता येतात. मामाजींनी माझ्या हातातून अडकित्ता घेतला, पुसला आणि पिशवीत ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "बावीस वर्सं झाले. आता याले कुठं खरवडता?"