चोर म्हणणाऱ्याचंच खातं

ये पोरी, अशी जवळ बस. नवा फोन मिरवतेस, आणि त्यातलं खातं कोणी बनवलं विचारलं तर म्हणतेस, "दुकानवाल्यानं." पासवर्ड? "त्यालेच माहीत." वा वं बाई! घर आपलं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ऐक आता. बालाघाटच्या ठाण्यातली ती दुपार आठवली की आजही माझं डोकं तापतं.

मी तेव्हा उपनिरीक्षक. एका मोबाइल दुकानदारानं खबर दिली, "मैडम, एक औरत चोरी का मोबाइल लाई है. बिठा के रखा है." आम्ही गेलो. तिशीतली बाई स्टुलावर मान खाली घालून बसलेली, भोवती बघ्यांची गर्दी. मलाजखंडच्या कॉलनीत धुणीभांडी करायची, माहेरी किरनापूरला आली होती. फोन उघडायचा पॅटर्न विसरली म्हणून भावानं फोन रिसेट केला, तर त्यात आधी टाकलेलं खातं आणि पासवर्ड दिल्याशिवाय फोन उघडेना. म्हणून जिथून घेतला त्याच बालाघाटच्या दुकानात ती तो घेऊन आली. दुकानदारानं उघडून द्यायचे पैसे मागितले. ती म्हणाली, "फोन तुमच्याच दुकानचा, पैसे काहून देऊ?" एवढ्यावरून ती चोर!

ठाण्यात आणून महिला शिपायासमोर विचारपूस केली.

"खातं कोणतं?"

"मले काय माहीत मॅडम? दुकानातूनच चालू करून देलता."

"बिल?"

"हरवलं." मग हात जोडून म्हणाली, "चोर लिहू नका. कॉलनीत कळलं तर एकही दार उघडणार नाही. पोरीची शाळा त्याच कामावर चालते."

माझा अनुभव सांगते. चोराजवळ गोष्ट तयार असते, खरा माणूस अडखळतो. फोनचा आयएमईआय नंबर तपासला, चोरीची तक्रार कुठंच नव्हती. तेवढ्यात आमची शिपाई म्हणाली, "मॅडम, माहाबी फोन त्याच दुकानचा. खातंबी त्यानंच टाकून देलतं, स्वतःचं."

दुकानदाराला बोलावलं. फोन पुढं सरकवला.

"तू गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये टाकतोस ते खातं टाक."

"अरे मैडम, ऐसे थोडी खुलेगा."

"टाक म्हणते ना!"

टाकलं. फोन उघडला.

ती बाई पहिल्यांदा मान वर करून बोलली, "आता सांगा भाऊ, चोर कोण?"

"गलती हो गई. इतने ग्राहक रहते हैं," तो पुटपुटला. मी त्याला ठाण्यातून तसाच सोडला नाही. त्यानं बदनामी दुकानात केली, तर माफीही तिथंच. शेजारच्या दुकानदारांना बोलावून त्यांच्यासमोर म्हणायला लावलं, "बहनजी, फोन आपका है." मग त्याचं खातं काढून तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं टाकलं.

तरी माझा राग गेला नाही. त्या स्टुलावर भारी साडीतली बाई असती, तर त्यानं आधी आपलं खातं टाकून पाहिलं असतं. गरिबाच्या हातात फोन दिसला, की लोकांना तपास नको, चोर हवा. ठाण्यातल्या माणसानं तरी उलट चालावं, हे मी त्या दिवशी पक्कं केलं.

आज तुला घाई आहे, जा. पण रविवारी फोन घेऊन ये. माझ्यासमोर स्वतःचं खातं बनव, आणि पासवर्ड मलेबी सांगू नको. चहा ठेवते, लवकर ये वं.